सॅन फ्रान्सिस्को ते निपाणी : अंतर किती, वेळ किती?

निपाणीतील माझ्या एका स्नेह्यांच्या घरची ही गोष्ट. फार जुनी नाही, चार-दोन वर्षांपूर्वीची. हिवाळ्याचे दिवस होते. एका मंगळवारी रात्री नवाच्या सुमारास घरातील वडीलधारे गृहस्थ वारले. वय झालेले होते, दुखणेही जुने होते. धाकटा मुलगा घरीच असून तंबाखूची वखार सांभाळतो. थोरला कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीस आहे. रात्री दहा वाजता थोरल्याला फोन लागला. त्याच्याकडे त्या वेळी मंगळवारचीच सकाळ होती, साडेआठ वाजले होते. “मी निघतो,” एवढेच तो बोलला.

मग सोप्यात बसलेल्या मंडळींत प्रश्न निघाला. थांबायचे की नाही? संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लज, कागल येथील पाहुण्यांना वेळ कोणती कळवायची? बर्फाच्या पेटीची सोय करायची काय?

“विमान सतरा तासांचं हाय म्हणत्यात,” एकजण म्हणाला. “म्हंजे उद्या दुपारी तीनला पोरगं दारात. दिवस मावळायच्या आत सगळं उरकतंय. थांबूया.”

बहुतेकांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर बसले होते. ते म्हणाले, “सतरा तास विमानाचे झाले. माणसाचे किती?” आणि त्यांनी कागद-पेन्सिल मागवली.

मी त्या रात्री तेथे होतो. मास्तरांनी मांडलेले गणित, आणि त्यांच्याशी पुढे झालेल्या बोलण्यातून मला उमगलेल्या काही गोष्टी, वाचकांपुढे ठेवाव्यात असे वाटते. परदेशी मुलगा किंवा लेक असलेली घरे आता आपल्या टापूत थोडी नाहीत, आणि असा प्रश्न कोणाच्या सोप्यात केव्हा येऊन बसेल हे सांगता येत नाही.

दोरा आणि पृथ्वीचा गोल

प्रथम अंतराची गोष्ट. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर अमेरिका एका टोकाला आणि आपण मध्यभागी दिसतो. त्यावरून सॅन फ्रान्सिस्कोचे विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असे सरळ पश्चिमेला जात असेल, अशी आपली समजूत होते. पण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. नकाशावरची सरळ रेघ ही गोलावरची जवळची वाट नव्हे.

हे ताडून पाहायला विमानात बसावे लागत नाही. एक पृथ्वीचा गोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक निपाणीवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो ताणावा. दोरा पश्चिमेला जात नाही, नीट पूर्वेलाही जात नाही. तो हिमालय ओलांडून चीन आणि सैबेरियावरून उत्तर ध्रुवाच्या अंगाला चढतो आणि पलीकडे अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर हा दोरा सुमारे ३२ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ ४०,०७५ किलोमीटर आहे. त्या प्रमाणाने हिशेब केला की निपाणी ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर अदमासे १३,७५० किलोमीटर निघते. जुन्या मापाने सांगायचे तर साडेआठ हजार मैल.

अर्थात निपाणीहून असे विमान सुटत नाही. पण कर्नाटकाच्या राजधानीतून ते सुटले, आणि ती हकीकत गाजलीही. ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि उत्तर ध्रुवाच्या वाटेने कोठेही न थांबता बेंगळुरूला उतरले. दोन्ही विमानतळांतील सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर. विमान चालविणाऱ्या चौघीही स्त्रिया होत्या. कॅप्टन झोया अग्रवाल या प्रमुख. त्यांच्याबरोबर पापागारी तन्मयी, शिवानी मन्हास आणि आकांक्षा सोनवणे. प्रवासाला सुमारे सतरा तास लागले. आमच्या सोप्यातला ‘सतरा तास’ हा आकडा असल्याच बातम्यांतून निपाणीपर्यंत आलेला होता.

लांबची वाट, लवकरची वाट

येथपर्यंत सारे सरळ आहे. अंतर काढावे, विमानाच्या वेगाने भागावे, वेळ मिळेल. मोठी जेट विमाने ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतात. परंतु आकाशातला हिशेब आपल्या पुणे-बेंगळुरू हमरस्त्यासारखा नसतो, कारण तेथे रस्ताच वाहता असतो.

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याचे प्रचंड प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांचा चांगलाच इंगा मिळाला. प्रवाहाबरोबर जाणारे विमान वेगाने पुढे लोटले जाई, आणि विरुद्ध जाणारे जागच्या जागी उभे असल्यासारखे वाटे. नदीतल्या नावेचा जो न्याय, तोच येथे.

याचे उत्तम उदाहरण २०१६ च्या ऑक्टोबरातले आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान तोपर्यंत अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. त्या महिन्यात प्रथमच ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेण्यात आले. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे चौदाशे किलोमीटर अधिक. आणि वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे दोन तास कमी! वारा समोरून येण्याऐवजी पाठीमागून आला, एवढाच फरक. अंतर वाढले आणि वेळ घटला. तेव्हा दोन विमानतळांमधले अंतर सांगणाऱ्याने वेळही सांगितला असे समजू नये.

काहीजण विचारतात, पृथ्वी फिरतेच आहे, तर विमानाने वर जाऊन स्वस्थ थांबावे, अमेरिका आपोआप खाली येईल. हा प्रश्न मास्तरांना वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारी म्हणे. त्याचे उत्तर सोपे आहे. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, आणि हवेत तरंगणारे विमानही. धावत्या एस. टी. त उडी मारणारे पोर त्याच एस. टी. त खाली येते, तसेच हे.

आकाशालाही शिवार असते

आकाशाला सीमा नसतात, असे कवी सांगतात. सीमाभागातल्या माणसाने त्यावर चटकन विश्वास ठेवू नये. बेळगावने तर याचा उलट अनुभव डोळ्यांनी पाहिला आहे.

बेळगावच्या पूर्वेस सांबऱ्याचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने तो बांधला. तेथून गोव्याचा दाबोळी विमानतळ सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. विमानाला दहा-पंधरा मिनिटांचे काम. पण गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९५५ साली भारताने गोव्याची नाकेबंदी केली, आगगाडीही बंद झाली. त्याच सुमारास पोर्तुगीजांनी दाबोळीहून स्वतःची विमानसेवा काढली. ती दमण, दीव आणि कराचीकडे जाई, पण शेजारच्या बेळगावला येत नसे. शंभर किलोमीटरवरचे गाव परदेश, आणि कराची शेजारी, अशी ती अवस्था होती. डिसेंबर १९६१ मध्ये ती संपली. १८ डिसेंबरला सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे नभोवाणी केंद्र निकामी केले, आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. सहा वर्षे न ओलांडता आलेले अंतर त्या विमानांनी काही मिनिटांत काटले. अंतर मुळात तेवढेच होते. वाट बंद होती.

तीच गोष्ट आजच्या लांबच्या प्रवासाला लागू आहे. २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. कोठे तास, कोठे त्याहून अधिक वेळ वाढला. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यावर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले, आणि त्यांच्या कितीतरी वाटा लांबल्या.

शिवाय वाट उघडी असली तरी ती निर्विघ्न असेलच असे नाही. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या गावी उतरवावे लागले. दोनशेहून अधिक प्रवासी तेथे अडकले. त्यांची सोय शाळेच्या इमारतीत आणि वसतिगृहांत करावी लागली. मायदेशाहून दुसरे विमान गेले तेव्हा त्यांची पुढची वाट मोकळी झाली. विमान सुखरूप उतरले, माणसे सुखरूप राहिली, हे महत्त्वाचे. पण घरी वाट पाहणाऱ्यांचे ‘सतरा तास’ कोठल्या कोठे गेले.

हरवलेला दिवस

यानंतर घड्याळाचा घोटाळा. कॅलिफोर्नियाचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या मागे साडेतेरा तास असते. उन्हाळ्यात तिकडचे लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा साडेबारा तास. २०२१ च्या त्या विमानातील प्रवासी शनिवारी रात्री निघाले आणि सोमवारी पहाटे उतरले. मधला रविवार त्यांनी ध्रुवाच्या अंधारात आणि आशियाच्या आकाशात घालवला.

आमच्या सोप्यात याचीच गडबड उडाली. एक पाहुणे म्हणाले, “तिकडं अजून मंगळवारची सकाळ हाय. म्हंजे त्येच्याजवळ आपल्यापरीस अर्धा दिवस जादा हाय की!” ऐकायला ते खरे वाटते. पण घड्याळ मागे असले म्हणून माणूस पुढे पोचत नाही. मास्तरांनी यावर एकच नियम सांगितला. सारा हिशेब एकाच घड्याळात करावा, आणि ते वाट पाहणाऱ्याच्या भिंतीवरचे असावे.

मास्तरांचा कागद

मास्तरांनी त्या रात्री लिहिले ते असे. सर्व वेळा निपाणीच्या.

मंगळवारी रात्री दहाला निरोप पोचला. मुलाला तिकीट मिळवायचे, कचेरीत सांगायचे, पासपोर्ट-व्हिसाची कागदपत्रे पाहायची, दोन-तीन तास आधी विमानतळावर हजर व्हायचे. बेंगळुरूचे थेट विमान त्याच रात्रीचे मिळाले असे धरू. ते तिकडच्या मंगळवारी रात्री साडेआठला सुटेल. आपल्याकडे तेव्हा बुधवारी सकाळचे दहा. म्हणजे विमान जमिनीवरून उठण्याआधीच बारा तास गेले.

पुढे आकाशातले साडेसतरा तास. गुरुवारची पहाट, साडेतीन. बेंगळुरूला पासपोर्टाची तपासणी, सामान, आणि सकाळच्या विमानाची वाट, यात पाच तास. साडेआठच्या सुमारास सांबऱ्याचे विमान, सव्वा तास. पावणेदहा. मग सामान घेऊन मोटारीने काकती, हत्तरगी, संकेश्वर करीत तवंदी घाट उतरून निपाणी; सव्वादोन तास. बारा वाजले. वर दोन तास अडीअडचणीचे. गुरुवारी दुपारी दोन.

“चाळीस तास,” मास्तर म्हणाले. “त्यातले विमानातले पावणेएकोणीस. अर्ध्याहून अधिक वेळ माणूस जमिनीवरच असतो.”

कोणी सुचविले, उजळाईवाडीला का उतरू नये? निपाणीला तर तेच जवळ. खरे आहे. कोल्हापूरचा तो विमानतळ १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झाला, आणि निपाणीपासून त्याचे सरळ अंतर तीस-बत्तीस किलोमीटर, सांबऱ्याचे पासष्ट. पण प्रवासात जवळचा विमानतळ म्हणजे नकाशावर जवळ असलेला नव्हे, ज्याचे विमान मागच्या विमानाशी जुळते तो. मुंबईमार्गे यावे की बेंगळुरूमार्गे, हा प्रश्नही असाच. सांबऱ्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर आणि बेंगळुरू सुमारे साडेचारशे. सीमाभागाला दोन राजधान्या जवळजवळ सारख्याच दूर! मनाची ओढ कोणतीकडे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. १९५६ पासून तो वाद चालू आहे. पण त्या रात्री प्रश्न राज्याचा नव्हता, कोणते विमान आधी सुटते एवढाच होता.

सांबऱ्यालाच परदेशचे मोठे विमान का उतरत नाही, असेही कोणी विचारील. सांबऱ्याची इमारत २०१७ साली नवी झाली, धावपट्टीही वाढवून २,३०० मीटर केली. पण अमेरिकेच्या पल्ल्याचे, पोटात शंभर टनांहून अधिक इंधन घेतलेले विमान उठायला तीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते. शिवाय एवढ्या मोठ्या विमानाला रोज पुरेसे प्रवासी लागतात. म्हणून अशी विमाने थोड्या मोठ्या शहरांतच उतरणार, आणि बाकीच्या गावांना शेवटचा टप्पा स्वतःच जोडून घ्यावा लागणार. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला पहिले एअर इंडियाचे विमान निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. आकाशातले थांबे पुढे गळून गेले. जमिनीवरचे मात्र अजून शिल्लक आहेत.

निर्णय

कागद वाचून झाल्यावर सोप्यात शांतता पसरली. चाळीस तास देह ठेवायचा काय? काहीजण म्हणाले, ठेवू. काहींना ते पटेना. घरातल्या आईंना विचारावे, असे ठरले. धाकट्याने आत जाऊन सगळे सांगितले. त्या बाहेर आल्या. मास्तरांना म्हणाल्या, “मास्तर, खरं सांगा. उद्याच्याला न्हाई पोचत न्हवं?”

“नाही, वहिनी. अग्नीला नाही पोचणार. पण शुक्रवारी सकाळच्या रक्षाविसर्जनाला नक्की पोचेल. मी दोन तास जादाच धरलेत.”

आई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग धाकट्याला म्हणाल्या, “अग्नी तू दे. सकाळी उरका. आन् त्येला फोन लावून सांग, जिवाचा आटापिटा करू नको म्हणावं. मातीला न्हाई, रक्षेला ये.”

पाहुण्यांना बुधवारी सकाळी दहाची वेळ कळविली गेली. फोन करणाऱ्यांना आता घुटमळावे लागले नाही.

मला त्या रात्रीचे विशेष वाटते ते हेच. सतरा तासांच्या भरवशावर मंडळी थांबली असती, तर बुधवारी तीनपासून दाराकडे डोळे लागले असते. दिवस मावळला असता, रात्र झाली असती, आणि मध्येच केव्हातरी घाईने, अपराधी मनाने अग्नी द्यावा लागला असता. मुलाला आयुष्यभर वाटले असते, माझ्यासाठी थांबले आणि मी चुकलो. खरा आकडा कडू होता, पण त्याने घराला निर्णय घेता आला. कोणी म्हणेल, दुःखाच्या वेळी गणित कसले मांडता? मला वाटते, त्याच वेळी ते नीट मांडावे लागते.

म्हणून ज्यांची मुले दूरदेशी आहेत त्यांनी एक करावे. मुलगा सुटीवर आला की त्याच्याबरोबर बसून एका कागदावर लिहून ठेवावे : त्याच्या घरापासून विमानतळ किती, विमाने कोणत्या वारी, विमान बदलायला वेळ किती, कागदपत्रे कोठे आहेत, मुदत केव्हा संपते, आणि आपल्या घड्याळाने एकूण किती तास. वारा आणि आकाशाचे दरवाजे आपल्या हातात नाहीत. त्यांच्यासाठी थोडे तास जादा धरावेत. हा कागद लग्नकार्यालाही उपयोगी पडतो, फक्त दुःखालाच नव्हे.

मुलगा गुरुवारी दुपारी एक वाजता आला. तवंदी घाटात त्याने फोन केला होता, म्हणून आई दारातच उभ्या होत्या. कोणीच काही बोलेना. शेवटी आईंनीच विचारले, “किती तास लागलं रं बाबा?”

“एकोणचाळीस, आई.”

“मास्तर चाळीस म्हणालं व्हतं,” त्या म्हणाल्या, आणि त्याला आत घेऊन गेल्या.

शुक्रवारी सकाळी वेदगंगेच्या काठी दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे होते.